गाडीचं तोंड

"माझ्या केतकीचं पहिलं बाळंतपण तूच कर हं. घरात कोणी काही बोललं तरी ये." शेवटच्या आजारात थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं होतं आणि मनोरमाबाईंनी हो म्हटलं होतं.

आता केतकीचे दिवस भरले होते. पण वाटणीच्या भांडणात थोरल्या दिरांनी "पुन्हा या घरात पाय ठेवू नका" असं बजावलेलं. आज चतुर्थीचा उपास, ओठांवर जप, तरी गाडीत मनोरमाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. भावजींनी दारातूनच परत पाठवलं तर?

इंग्रजांच्या वेळच्या एका दगडी जंक्शनवर गाडी थांबली. इंजिन सुटलं, शेजारच्या रुळावरून मागं गेलं आणि शेवटच्या डब्याला लागलं. म्हणजे गाडी आता माघारी जाणार! मनोरमाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. गजाननानंच फिरवली, आपण तरी काय करणार? छातीवरचा धोंडा उतरला.

"गाडी परत चालली ना गं?" त्यांनी खिडकीतून पेरूवालीला विचारलं.

"परत कशाला, मावशी? इथं इंजिन नेहमीच बाजू बदलतं. गाडी इथनं दुसऱ्या रुळानं पुढंच जाती. नवं माणूस हमखास फसतंय बघा!" ती खळखळून हसली.

मनोरमाबाईंचा चेहरा उतरला. स्वतःची भीती त्यांनी देवाच्या नावावर खपवली होती. पलीकडच्या फलाटावर घराकडे जाणारी गाडी उभीच होती. उतरलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

शिट्टी झाली. मनोरमाबाई उठल्या, पिशवी उचलली आणि समोरच्या बाकावर, गाडी आता जाणार होती त्या दिशेला तोंड करून बसल्या.