जावळ

माझ्या तीन वर्षांच्या मुलाचं जावळ काढणं चाललं होतं. मामाच्या मांडीवर बसून तो हंबरडा फोडत होता आणि वस्तऱ्याखाली कुरळ्या बटा ताटात पडत होत्या.

"रडू नकोस रे राजा," माझा भाऊ त्याला समजावत होता. "परत येतात. आणखी दाट येतात."

मला हेवा वाटला. पोटच्या पोराचा! माझ्या स्कार्फखाली गुळगुळीत, चकचकीत चट्टे होते. "सारकॉइडोसिस या आजारानं केसांची मुळंच गेलीत, नुसते व्रण उरलेत. तिथे आता केस येणार नाहीत," डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं. क्षणभर मनात आलं, याचेही नाही आले तर? आणि मला बरं वाटलं.

न्हाव्यानं वस्तरा मिटताच तो धावत येऊन माझ्या गळ्यात पडला. त्या मिठीत स्कार्फ सुटला. सासूबाईंनी मान वळवली.

त्यानं आधी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्या.

"तुझं पण जावळ काढलं?" त्याचे गाल अजून ओलेच होते. "रडू नको हं, आई. परत येतात."