जिराफाच्या खिडकीखाली

“पाय गेला म्हणजे माणूस संपला का?” अर्धी दाढी उरलेल्या गॅरेजवाल्याने आरशातल्या कात्रीला विचारलं.

“मान हलवलीस तर आधी तू संपशील,” कात्री म्हणाला आणि वस्तरा पुन्हा गळ्याला लावला.

कात्री म्हणजे सलूनचा मालक. लोकांचे केस तो पोटापुरते कापायचा. खरा जीव रग्बीत, आणि रग्बीतही एकट्या जिराफात. जिराफ हा संघातला सगळ्यात उंच गडी. चेंडू मैदानाबाहेर गेला की रेषेवरून परत आत फेकतात. तेव्हा दोन साथीदार जिराफाला मांड्यांना धरून वर उचलायचे आणि तो फळ तोडावं तसा हवेतून चेंडू तोडून आणायचा. अशा वेळी प्रेक्षकांत कात्री ड्रम बडवायचा, सगळे उभे राहून जिराफाचं गाणं म्हणायचे आणि शेवटी एका दमात ओरडायचे, “जिराफा, वर!”

सकाळी क्लबने कळवलं होतं की शस्त्रक्रिया करून जोडलेली त्याच्या टाचेमागची शीर पुन्हा फाटली. दवाखान्यातून सोडलं त्याच दिवशी घरी न्हाणीघरात पाय घसरला म्हणे. परत जोडली आहे, गडी आता घरी आला आहे, पण हंगाम गेला. डॉक्टरांचं म्हणणं त्याहून वाईट होतं. आता तिसऱ्यांदा फाटली तर रग्बी राहू द्या, जिना उतरायलाही जन्मभर आधार लागेल.

सलूनमध्ये मग आरोपी शोधणं सुरू झालं. एकाच्या मते प्रशिक्षकाने घाई केली, दुसऱ्याच्या मते डॉक्टरचा हातच कच्चा. गॅरेजवाल्याने न्हाणीघराच्या फरशीला दोषी धरलं. ती बसवणाऱ्याशी त्याचं जुनं वाकडं होतं. कात्री नुसता ऐकत होता. त्याचा आरोपी कधीच ठरला होता, फक्त नाव घ्यायचा संकोच होता, कारण तिला तो वहिनी म्हणायचा.

जिराफाच्या बायकोचा या खेळावर राग आहे, हे त्याने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. पहिला दिवस म्हणजे लग्नाचा. जेवणं चालू असताना कुणीतरी हौसेने गाणं धरलं आणि शेवटच्या ओळीला नवरदेव बसल्या जागेवरून ताटासकट उडाला. वाढलेलं सगळं नवरीच्या नव्या कपड्यांवर. लोक हसून लोळले, ती हसली नाही. कात्रीने ते मनात मांडून ठेवलं. मग गेल्या महिन्यात जिराफ पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आला, त्या संध्याकाळी सगळे त्याच्या खिडकीखाली जमले, अख्खं गाणं म्हटलं, आणि वरून कुणी पडदासुद्धा हलवला नाही. खोलीत दिवा तर चालू होता. तेही कात्रीने तिच्याच नावावर मांडलं.

दुपारी तिचाच फोन आला. शेजारी कुणी निजलेलं असावं तशी ती हळू बोलत होती.

“भावोजी, भेटायला या, पण एकेकटे या. खिडकीखाली जमू नका. गाणं तर नकोच.”

“त्याने सांगितलंय?”

“मी सांगतेय.”

“का पण?”

“ते तो बरा झाल्यावर त्यालाच विचारा,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कात्रीने हे दुकानात जसंच्या तसं सांगितलं, फक्त आवाज थोडा तुसडा करून. जिराफाचं गाणं ज्यांनी रचलं, त्या शाळेतल्या बाई म्हणाल्या की घरचं माणूस नको म्हणतंय, तर काही दिवस थांबायला आपलं काय जातंय. पण बाईंचं गाणं सगळ्यांना हवं होतं, बाईंचं मत कुणाला नको होतं. त्यात समोरचा शिंपी, जो दुसऱ्या संघाचा चाहता, दारातून डोकावून म्हणाला की जिराफाची जर्सी आणा, उसवून तिच्या चांगल्या मजबूत पिशव्या शिवून देतो. झालं, सगळं दुकान पेटलं.

“क्लबने आशा सोडली, डॉक्टरने सोडली, बायकोनेही सोडली,” कात्री ॲप्रन खुंटीला लावत म्हणाला. “आपण नाही सोडायची. आज असं म्हणू, की मेलेला उठून बसेल.”

संध्याकाळी जिराफाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी फुकटात आत घेतलं तरच सामन्याला येणारेही घसा खाकरून तयार होते. वरची खिडकी बंद होती आणि काचेला आतून चक्क गादी टेकवलेली दिसत होती.

“कोंडून ठेवलाय आपल्या गड्याला,” गॅरेजवाला म्हणाला.

कात्रीचं डोकं फिरलं. ड्रम त्याने गॅरेजवाल्याच्या गळ्यात अडकवला, गाणं सुरू करायला सांगितलं आणि स्वतः जिना चढायला लागला. ती खिडकी आज तो आपल्या हाताने उघडणार होता.

तो पहिल्या मजल्यावर पोचला तेव्हा गाणं सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावर कठडा हाताखाली थरथरत होता आणि कात्रीची छाती अभिमानाने भरून आली होती. तिसऱ्या मजल्यावर दार नुसतं लोटलेलं होतं. आतून धडपडीचा आवाज येत होता. त्याने दार ढकललं.

जिराफ पलंगावर होता. कानांत कापसाचे बोळे, त्यावरून घट्ट बांधलेला टॉवेल. त्याची म्हातारी आई त्याच्या छातीवर आडवी पडली होती आणि बायको प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी कवटाळून जमिनीपासून वर धरून होती. जिराफ घामाने निथळत होता. “नाही उठत मी, नाही उठत,” असं दात आवळून म्हणत होता, आणि तरी त्याचे खांदे आईसकट वर येत होते. खाली गाणं शेवटच्या ओळीपाशी आलं होतं.

वहिनीने मान वळवून कात्रीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती घाई होती.

“पाय धरा, भावोजी,” ती म्हणाली. “गेल्या खेपेला मी एकटीच होते.”