नवा कार्बुरेटर

शेवटचा नट आवळून दत्तोबांनी हात पुसले आणि नर्सरीच्या जुन्या पिकअपची चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. खोकला नाही, धूर नाही, ती अंगभर थरथर तर नाहीच. नवा कार्बुरेटर त्यांनी स्वतः बसवला होता. मेकॅनिकला जवळ फिरकू दिलं नव्हतं.

"आता बस ऐटीत," ते सुनेला म्हणाले.

रोपं पोचवायला निघताना सून रोज तान्हीला मांडीवर घेऊन शेजारी बसायची. पाळण्यात डोळा न मिटणारी पोर गाडीत पहिल्या वळणालाच झोपायची आणि तेवढीच तिच्या आईला डुलकी मिळायची. आज वळण गेलं, ओढा गेला, गुऱ्हाळही गेलं, तरी पोर टक्क जागी. मग तिनं भोकाड पसरलं ते अंगणात परत आल्यावरही थांबेना.

"गाडी छान झालीय, मामा," सून डोळे चोळत म्हणाली. "पण हिला ती थरथर लागते हो."

"दिवसभर खपून नातीचा पाळणा मोडलात," दारातून बायकोचा टोमणा आला.

दत्तोबा बॉनेटखाली वाकले आणि चालू इंजिनावर नव्या कार्बुरेटरचा स्क्रू थोडा थोडा पिळू लागले. गाडी खोकली. मग नखशिखांत थरथरू लागली. गाडीतलं रडणं हुंदक्यांवर आलं आणि थांबलं. त्यांनी खिडकीतून डोकावलं, तर मायलेकी दोघी गाढ झोपलेल्या.

"झाली का दुरुस्त?" बायकोनं विचारलं.

"हळू बोल," दत्तोबा कुजबुजले आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं त्यांनी बॉनेट अलगद टेकवलं.