भुऱ्याचा डबा

घड्याळाची घंटा खणखणली, डब्याचं झाकण पडलं आणि नागलीच्या भाकरीचे तुकडे ताटलीत सांडले. भुऱ्या शेपूट पोटाशी घेऊन पळाला, तो थेट सहादूच्या पाठीमागे जाऊन बसला.

"पहिल्यांदा भ्यायचाच," अमृत म्हणाला. "हुईल सवय, मामा."

अमृत सहादूचा जावई. राजूरला पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. घंटा वाजताना गजराच्या घड्याळाची मागची चावी उलटी फिरते, हे हेरून त्यानं चावीला सुतळी बांधली होती. चावी फिरली की सुतळी गुंडाळली जायची, उलट्या टांगलेल्या डब्याची खिटी निघायची, झाकण पडायचं. खटपट कुत्र्यासाठी दिसत असली तरी ती होती सासऱ्याच्या डोळ्यासाठी. सहादूचा एक डोळा कामातून गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. नगरच्या दवाखान्यानं ऑपरेशनला परवाचा दिवस दिला होता. आठवडाभर तिथंच राहायचं होतं. भुऱ्याच्या खाण्याची सोय लागल्याशिवाय एस्टीत पाय ठेवणार नाही, असं सहादूनं सांगून टाकलं होतं. मागं तो एका लग्नाला गेला, तेव्हा शेजारच्या लंकाबाईनं टाकलेल्या भाकरीला भुऱ्यानं तोंडसुद्धा लावलं नव्हतं. सहादू परत आला तर कुत्र्याचं पोट पाठीला लागलेलं.

"ह्या घड्याळाला रोज चावी कोन देनार?" सहादूनं विचारलं.

"लंकामावशी."

"डब्यात भाकर कोन भरनार?"

"ती बी मावशीच."

"मंग तिनंच टाकली तर?"

ओट्यावर बसलेली लंकाबाई तोंडाला पदर लावून हसली. अमृत हसला नाही. "तिच्या हातचं तो खात न्हाई ना, मामा. डब्याला हातच न्हाईत. हात न्हाई, मंग परका हात बी न्हाई."

हे सहादूला पटलं.

अमृतनं डबा पुन्हा भरला. "आता तुमी बोलू नका. त्याच्याकडं बघू बी नका."

सहादू तोंड फिरवून बसला. बघून तरी त्याला काय दिसणार होतं! समोर नुसतं पातळ ताकासारखं पांढुरकं. तो कानानंच बघत होता. घंटा वाजली. झाकण पडलं. मग भुऱ्याची पावलं, बिचकत बिचकत. मग हुंगल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही.

"खातोय का?"

"न्हाई. ताटलीम्होरं बसलाय. लाळ गळतीय, पन तोंड लावंना. तुमच्याकडं बघतोय."

"खा की रं, मुडद्या!"

भुऱ्यानं नुसती शेपूट आपटली. शेवटी सहादू चिडला आणि ओरडला, "हाड!"

लगेच चपचप सुरू झाली.

सहादूनं कपाळावर हात मारला. "अगं बया! मी रोज ह्येच म्हनतो की त्याला."

"जेवताना हाड म्हनता?" अमृतनं विचारलं.

"पिल्लू हुतं तवा दारात यायचं. मी हाड म्हनायचो, आनि तुमची सासू माज्या मागनं तुकडा फेकायची. रोज. त्याला वाटलं, हाड म्हंजी जेव."

बायको, बनाबाई, वारल्यावर तुकडा टाकायचं काम सहादूकडं आलं. शब्द तोच राहिला.

"आता डब्याला टेप जोडावा लागंल," अमृत अर्धवट चेष्टेत म्हणाला. "तुमच्या आवाजातलं हाड भरून ठिवू."

"नको. माजा आवाज यायचा आनि मी नसायचो. डब्याच्या मागं हुडकत बसंल मला." सहादू ओट्याकडं वळला. "लंकाबाई, तुमी म्हनून बघा."

"मी? अन्नाम्होरं बसलेल्याला हाड म्हनू?" लंकाबाई चपापली. "दारात आलेल्या भिकाऱ्याला बी कदी म्हनले न्हाई, भावजी."

"त्याला त्याचं काई वाटत न्हाई."

"मला वाटतं ना."

"मंग ऱ्हाऊ द्या," सहादू म्हणाला. "डोळ्याचं पुढच्या साली बघू."

"पुढच्या सालापस्तोर डोळा टिकाया पायजे ना, मामा!"

लंकाबाई उठली. आपल्या घरात जाऊन तव्यावरची भाकर घेऊन आली. ताटलीपुढं उकिडवी बसून तिनं भाकर मोडली, फुंकर घालून निववली आणि ठेवली. भुऱ्यानं हुंगलं आणि तो मागं सरून बसला. लंकाबाईनं पदर डोक्यावर सारखा केला.

"हाड," ती म्हणाली. तिचं तिलासुद्धा ऐकू गेलं नसेल.

भुऱ्याचा एक कान उभा राहिला.

"मोठ्यानं, मावशी."

"हाड रं." "राग मानू नको. हाड, माज्या लेकरा. पोटभर हाड."

भुऱ्यानं एकदा सहादूकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग मान खाली घातली. लंकाबाईचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला.

सहादूनं तोंड फिरवलेलंच ठेवलं. चपचप थांबेपर्यंत तो ऐकत राहिला. मग ताटली चाटल्याचा आवाज आला, तोही त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

"अमृतराव," तो म्हणाला, "सकाळची पैली यष्टी कितीला हाय?"