पाड्याचा राखणदार

गोटीरामच्या अंगावर निळा शर्ट चढला आणि पोटात दुखायला लागलं कोंडाजीच्या. पठारावर पवनचक्क्या आल्या होत्या. त्यांच्या राखणीला कंपनीने पाड्यावरचाच माणूस घेतला. साहेब म्हणायचे, गावचा माणूस कुंपणावर असला की गाव कुंपण ओलांडत नाही. खरं आहे. पण घ्यायचा तर हा? कोंडाजी छातीने रुंद, चार बुकं जास्त शिकलेला. आणि शिट्टी मिळाली या काडीपैलवानाला! पाड्यावरच्या बायासुद्धा हल्ली ‘गोटीरामभाऊजी, गोटीरामभाऊजी’ करत. कोंडाजीला भाकर गोड लागेना.

मग तो टपून बसू लागला. दुसऱ्याचं वाईट शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच. रोज सकाळी गोटीराम फाटक सोडून मागच्या कुंपणाकडे जाई, तो चांगला तासाभराने येई. कशाला जातो, हे बघायचे कष्ट कोंडाजीने घेतले नाहीत. त्याला तेवढंच पुरे होतं.

“साहेब, तुमचा राखणदार फाटक टाकून भटकतो. खोटं असंल तर माझी मिशी उतरवा!”

साहेबांनी सकाळी येऊन पाहिलं. फाटकावर कोणी नाही. गोटीराम परत आल्यावर त्याला विचारलं, तर तो खाली मान घालून गप्प. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्याच दिवशी निळा शर्ट कोंडाजीकडे आला. काखेत काचत होता, पण कोण मनावर घेतो! घरी मात्र तो बोलला नाही; उद्या शर्ट घालूनच पाड्यावर मिरवायचं होतं.

दुसऱ्या सकाळी साहेब त्याला कुंपण दाखवायला निघाले. कोंडाजी तोऱ्यात पुढे. मागच्या बाजूला तारेच्या आत झरा होता आणि तारेबाहेर पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे भागीबाई, त्याचीच बायको.

“आवं, तुमी? भाऊजी कुठं हायत?” ती म्हणाली. “बरं, तार उचला. खालची हीर कवाच आटली. भाऊजी रोज उचलून धरत्यात. बाप्यांना सांगू नका म्हणलेत, पिऊन कुणीतरी बोलून बसंल.”

घरात पाणी कुठून येतं, हे पाड्यावरच्या एका तरी बाप्याने कधी विचारलं होतं?

तेवढ्यात साहेब मागून आले. “बघतोस काय? शिट्टी मार. हाकल सगळ्यांना.”

कोंडाजीने शिट्टी मारली. बाया रिकामे हंडे घेऊन वळल्या. भागीबाई वळली नाही. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

घरी उघड्या अंगाने बसलेल्या गोटीरामचा कोंडाजीला जन्मात वाटला नव्हता एवढा हेवा वाटला.