सेनापतींची कवळी

गेल्या वर्षी एका आडगावच्या नदीत नावेतून फिरताना काका असे खदाखदा हसले, की त्यांची कवळीच पाण्यात पडली. यंदा पुन्हा गेले, तर तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत तीच कवळी, अक्रोड फोडताना उडालेल्या टवक्यासकट!

गाइड रंगात येऊन सांगत होता, "नदीत सापडली. याच दातांनी आमच्या सेनापतींनी शत्रूचा दोर तोडला!"

काका तोंड उघडणार, तोच काकूंनी चिमटा काढला. "गप्प बसा हो! आपल्या घरातलं पहिल्यांदाच काहीतरी इतिहासात गेलंय."

संध्याकाळी नावेत बसल्यावर काकांनी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि अलगद पाण्यात सोडली.

"अहो, हे काय?"



"मग सेनापती काय बोडक्या डोक्यानं लढले?"