पलंगावरचं सावधान

वॉर्डात अधिकारी आला की ज्याला उठता येत नाही, त्या पेशंटने पलंगावरच सावधान झोपायचं, असा लष्करात रिवाज आहे. लेफ्टनंट सारिका भोईटे आत आली आणि कॅन्सरने पोखरलेले हवालदार डुबल ताठ झाले. टाचा जुळल्या, मुठी मांड्यांना भिडल्या. हुकूम मानत नव्हती ती फक्त फुप्फुसं. ती आपली घरघरत होती.

सारिका शिपाई म्हणून भरती झाली तेव्हा तिला कवायत यांनीच शिकवली होती. नर्सिंगची परीक्षा दे, अधिकारी हो, हा हट्टही यांचाच.

“उस्ताद, दुखतंय ना?”

“नाही मॅडम. सब ठीक.” कपाळावरून घाम ओघळत होता.

“तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टर इंजेक्शन वाढवणार नाहीत. मला तुमची जुनी शिपाई पोरगी समजा.”

“पोरगी असती तर कान धरून बाहेर काढली असती. मॅडमना कसं काढू?”

शेजारचा पेशंट खुदकन हसला. सारिकाला मात्र हसू आलं नाही. तिने टाचा जुळवल्या आणि ती उस्तादांसारखीच ओरडली, “हवालदार डुबल! दुखत असेल तर सांगा. हुकूम आहे!”

“दुखतंय, मॅडम!” मैदानावर द्यावं तसं उत्तर वॉर्डभर घुमलं. “फार दुखतंय!”

डॉक्टरांना विचारून तिने वाढीव इंजेक्शन दिलं. सुई काढताना उस्तादांनी अगदी हळू विचारलं, “हुकूम अजून चालू आहे का, मॅडम?”

“आहे, उस्ताद.”

मग ते रडायला लागले.